यंत्राची वर्दी



वऱ्हाडच्या इतिहासांत कापसाचें नांव जितक्या वेळां येतें तितक्या वेळां त्या कापसावर चालणाऱ्या यंत्रांचें येत नाहीं. तह, बाजारभाव, दुष्काळ यांच्या नोंदी पुष्कळ आहेत. परंतु अमरावती-अकोल्याच्या जिनघरांतील दांडा कोणत्या वेगानें फिरे, तो थांबवावयाचा झाल्यास इंजिनवाल्याला कोण कळवी, आणि तें त्याला वेळेवर कळे कीं नाहीं, या प्रश्नांकडे इतिहासलेखक सहसा वळत नाहींत. आज याच लहानशा प्रश्नाचा मागोवा घेण्याचा माझा विचार आहे.

हल्लींच्या कोणत्याही जिनिंग कारखान्यांत गेलें, तर भिंतीवर मोटरचा वेग सांभाळणारी एक पेटी दिसते. तिच्या तळाशीं बारीक स्क्रूंची ओळ असते. त्यांतील कांहीं स्क्रूंवाटे पेटीला हुकूम पोंचतात. बाकीच्यांवाटे पेटी बाहेर वर्दी देते: ‘मी तयार आहें’, ‘मी चालू आहें’, ‘माझ्यांत बिघाड झाला आहे’, ‘माझा वेग इतका आहे’. या वर्दी देणाऱ्या स्क्रूंची वंशावळ शोधूं लागलें म्हणजे ती वाफेच्या इंजिनापाशीं, आगगाडीच्या सिग्नलापाशीं आणि तारायंत्रापाशीं जाऊन पोंचते.

१८५३ सालच्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तिकडील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेना, तेव्हां त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. अकोला व बडनेरा ओलांडून १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगांवचा फांटा खुला झाला. कारंजाचा कापूसबाजार १८८६ सालीं नियमांखालीं आला, आणि १८९७ च्या कायद्यानें वऱ्हाडांतील बाजारांची व्यवस्था पक्की झाली.

बाजार आणि आगगाडी आल्यावर यंत्रें येणारच होतीं. सरकी काढण्याचें काम त्यापूर्वीं घरोघरच्या हातचरकीवर होत असे. चरकीचा वेग म्हणजे फिरविणाऱ्या हाताचा वेग. काम करणारा आणि वेग सांभाळणारा एकच असल्यामुळें वर्दी देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता. बोट अडकण्याचा संभव दिसतांच हात थांबे, आणि हात थांबला कीं चरकीही थांबे.

अमेरिकेंतील फोन्स मॅकार्थी यानें १८४० सालीं जें रूळाचें जिन शोधून काढलें, तें आपल्याकडील कापसास मानवलें. त्यांत खरखरीत चामड्याचा रूळ फिरतो. त्याला चिकटून एक स्थिर पातें असतें आणि दुसरें पातें वरखालीं हलत असतें. रूळ रुई ओढून नेतो. पात्यामागें अडकलेली सरकी हलत्या पात्याच्या ठोक्यानें सुटून खालीं पडते. अशीं जिनें ओळीनें मांडीत आणि त्या सर्वांना एका लांब दांड्यावरून पट्ट्यांनीं गति देत. दांडा फिरविण्यास एकच इंजिन पुरे, आणि तें वेगळ्या खोलींत असे.

येथेंच चरकीचा जुना न्याय मोडला. काम एका खोलींत आणि वेग दुसऱ्या खोलींत! एका जिनांत बिघाड झाल्यास त्याचा पट्टा सैल पुलीवर सरकवितां येई. परंतु दांड्यांतच कांहीं अडकलें, किंवा कोणाचें वस्त्र त्यांत गुंडाळलें गेलें, तर इंजिनघरांतील माणसाला खबर पोंचेपर्यंत दांडा फिरतच राही. जिनांच्या खडखडाटांत हांकेचा उपयोग नाहीं. घंटेची दोरी वा शिट्टी असली, तरी ती ओढण्यास कोणाचा तरी मोकळा हात आणि शुद्धीवरचा माणूस लागतो. ज्याच्यावर प्रसंग आला त्याचा हात तर बहुधा त्याच वेळीं मोकळा नसे.

कायद्याचें लक्षही या जिनघरांकडे उशिरा गेलें. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यानें वर्षांतून चार महिन्यांपेक्षां अधिक न चालणारे कारखाने वगळले होते. हंगाम लहान असलेल्या कारखान्यांना ही पळवाट सांपडली. हंगामी कारखान्यांस १९११ च्या कायद्यानें आपल्या कक्षेंत घेतलें. १९२५ सालीं जिन-प्रेस कारखान्यांसाठीं स्वतंत्र कायदा झाला आणि प्रत्येक गासडीवर प्रेसची खूण उमटविणें सक्तीचें झालें. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें प्रत्येक कामाच्या खोलींत आणीबाणीच्या वेळीं चालती शक्ति तोडण्याचें साधन ठेवण्याची सक्ती केली. प्रेसच्या ज्या भागांत कापूस पिंजणारें यंत्र चालू असेल त्या भागांत स्त्रिया व मुलें यांना कामास लावण्याचीही त्यानें मनाई केली. ‘शक्ति तोडण्याचें साधन प्रत्येक खोलींत’ या शब्दांकडे आपण लक्ष द्यावें. चरकीवर काम करणाऱ्याच्या हातीं जें सहज होतें, तें त्याला परत मिळवून देण्यास कायद्याला इतकीं वर्षें लागलीं.

वेग सांभाळण्याचें काम मात्र यंत्राकडे फार आधीं गेलें होतें. जेम्स वॅट यानें १७८८ सालीं आपल्या इंजिनावर दोन जड गोळे फिरते ठेवले. वेग वाढला कीं गोळे बाहेर फांकत आणि वाफेची झडप मिटूं लागे. वेग घटला कीं ते खालीं येत आणि झडप उघडे. क्लार्क मॅक्सवेल यानें १८६८ सालीं या नियामकाचें गणित मांडलें. नियामक कोणत्या परिस्थितींत स्थिर राहतो आणि कोणत्या परिस्थितींत हेलकावे खात सुटतो, हें त्यानें दाखवून दिलें.

वॅटच्या गोळ्यांत एक उणीव होती. ते वेग मोजीत आणि सुधारीत, पण कोणाला कांहीं सांगत नसत. इंजिनजवळ उभ्या असलेल्या माणसाला गोळ्यांची उंची पाहून वेग समजे. जिनघरांतल्या बाईला तें दिसत नसे. नियंत्रण आणि वर्दी या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली विद्या अठराव्या शतकांत साधली होती. दुसरीचा उगम दुसरीकडेच झाला.

तो झाला आगगाडीच्या मार्गावर. १८७६ सालच्या जानेवारींत इंग्लंडांतील ॲबट्स रिप्टन येथें बर्फाच्या वादळांत भीषण अपघात घडला. त्या मार्गावर सिग्नलाचा हात एरव्हीं ‘मार्ग मोकळा’ या स्थितींत ठेवीत आणि धोका असेल तेव्हांच ‘थांबा’ दाखवीत. बर्फानें ते हात मोकळ्या स्थितींतच गोठवून टाकले. सिग्नलवाल्यानें आंतून दांडी ओढली. बाहेर मात्र सिग्नल मोकळाच दिसत राहिला. एक्स्प्रेस गाडी पुढच्या मालगाडीवर आदळली, आणि त्या ढिगाऱ्यावर समोरून दुसरी एक्स्प्रेस येऊन आदळली.

या अपघाताचा धडा पुढें सर्वत्र मान्य झाला. सिग्नलाची मूळ स्थिति ‘थांबा’ हीच असावी. मार्ग मोकळा आहे हें मुद्दाम, प्रयत्नपूर्वक दाखवावें. आपल्याकडील जुन्या सेमाफोर सिग्नलाचा हात आठवून पाहा. तार ओढली तर तो ‘मोकळा’ दाखवी. तार तुटली तर वजनानें आपोआप आडवा होई, म्हणजे ‘थांबा’ सांगे. तुटलेल्या तारेचा अर्थ धोका असाच घ्यावयाचा, हा मोठा सिद्धांत त्या लोखंडी वजनांत सांठविलेला होता.

दुसरें साधन तारायंत्रानें दिलें. लांबच्या तारेंतून येणारा प्रवाह क्षीण होतो. त्या क्षीण प्रवाहानें एक लहान लोहचुंबक चेतवावयाचा, आणि त्या चुंबकानें दुसऱ्या जोरकस प्रवाहाची वाट उघडावयाची, या युक्तीला ‘रिले’ म्हणतात. हा शब्द टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे जुंपण्याच्या पद्धतीवरून आला. आपल्या डाकचौकीवरही दमलेल्याची थैली ताज्या माणसानें उचलण्याचीच व्यवस्था होती. अमेरिकेंतील जोसेफ हेन्री यानें १८३५ च्या सुमारास ही युक्ति करून पाहिली. भिंतीवरील पेटी बिघाडाची वर्दी देतांना जो बारीक ‘टक्’ आवाज करते, तो याच रिलेचा असतो.

आतां विजेच्या मोटरकडे येऊं. १८८८-८९ च्या सुमारास टेस्ला, फेरारिस व डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांच्या प्रयत्नांतून प्रत्यावर्ती विजेवर चालणारी साधी व दणकट मोटर तयार झाली. तिच्यामुळें लांब दांड्याची गरज संपत गेली; प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देतां येऊं लागली. परंतु ही मोटर विजेच्या आवर्तनांशीं बांधलेली असते. सेकंदाला ५० आवर्तनें आणि मोटरचे चार ध्रुव असले, तर तिचें चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतें आणि मोटर साधारण १४४० फेऱ्यांनीं फिरते. हे ५० आवर्तन नियमित ठेवण्याचें काम वीजघरांचें. अकोला जिल्ह्यांतील पारस येथें १९६० नंतरच्या दशकांत औष्णिक वीजकेंद्र उभें राहिलें. अशा केंद्रांतील टर्बाइनवरही वेगाचा नियामक असतोच. म्हणजे वॅटचे गोळे जिनघरांतून निघून वीजघरांत गेले, आणि सगळ्या प्रांताचा वेग एकत्र सांभाळूं लागले.

तथापि प्रत्येक यंत्राला एकच वेग सोयीचा नसतो. ओला कापूस, कोरडा कापूस, लांब धागा, आंखूड धागा यांची गरज निरनिराळी असते. मोटरला हवीं तितकीं आवर्तनें देतां आलीं, तरच तिचा वेग हवा तसा होईल. १९५७ सालीं थायरिस्टर हें अर्धवाहक साधन पुढें आलें, आणि १९६८ सालीं डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीनें वेगनियामक पेट्या मोठ्या संख्येनें बनविण्यास आरंभ केला. पेटी आलेल्या विजेचें प्रथम एकदिश विजेंत रूपांतर करते, ती सांठविते, आणि तिचे बारीक तुकडे करून हव्या त्या आवर्तनांची नवी वीज मोटरला देते. हवा खेंचणाऱ्या पंख्यांना तर याचा मोठाच लाभ होतो. पंख्याचा वेग शेंकडा ८० वर आणला, तर त्याला लागणारी शक्ति सुमारें शेंकडा ५१ वर येते. कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणांत बदलते.

२००० सालीं केंद्र सरकारनें कापूस तंत्रज्ञान मोहीम सुरू केली आणि तिच्या एका शाखेखालीं जिन-प्रेस कारखान्यांच्या सुधारणेस साहाय्य दिलें. डोक्यावरच्या टोपलीची जागा हवेच्या नळ्यांनीं व पट्ट्यांनीं घेतली. कापूस आपोआप जिनांवर पडूं लागला, आणि रुई आपोआप प्रेसकडे जाऊं लागली. माणसांची संख्या घटली तशी पाहणाऱ्या डोळ्यांची संख्याही घटली. पूर्वीं एखादें जिन तुंबलें तर शेजारच्या बाईला तें दिसे. आतां तें पेटीनें सांगितलें तरच कळतें. म्हणून त्या तळच्या स्क्रूंना आज इतकें महत्त्व आलें आहे.

या वर्दीचे प्रकार मुख्यतः दोन. पहिला प्रकार होय-नाहीं असा असतो. रिलेचे तीन स्क्रू असतात: एक सामाईक, एक एरव्हीं उघडा, एक एरव्हीं मिटलेला. रिले चेतला कीं सामाईक स्क्रूचें नातें एकाकडून सुटून दुसऱ्याशीं जुळतें. कोणत्या प्रसंगीं रिले चेतावा, हें पेटीच्या मांडणींत ठरवावें लागतें: मोटर चालू असतां, ठरलेला वेग गांठल्यावर, कीं बिघाड झाल्यावर.

येथें ॲबट्स रिप्टनचा धडा जसाच्या तसा लागू पडतो. बिघाड झाल्यावर चेतणारा रिले जोडला, आणि पेटीची वीजच गेली किंवा वर्दीची तार उंदरानें कुरतडली, तर कांहींच वर्दी येणार नाहीं. नियंत्रणकक्षांतील माणूस ‘सर्व ठीक’ समजून बसेल. याउलट, सर्व ठीक असतांना रिले चेतलेला ठेवावा, तो चेतल्यावर मिटणारा संपर्क घ्यावा, आणि बिघाड होतांच रिले सुटावा अशी मांडणी केली, तर वीज जाणें, तार तुटणें, स्क्रू ढिला होणें या साऱ्यांचा अर्थ एकच होतो: थांबा. खोटा इशारा मिळून काम क्वचित् खोळंबेल. परंतु खोट्या शांततेनें जें नुकसान होतें, त्यापुढें तो खोळंबा स्वस्त आहे.

दुसरा प्रकार प्रमाणाचा. वेग किंवा प्रवाह किती आहे, हें आंकड्यानें सांगावयाचें असतें. त्यासाठीं ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह वापरण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. शून्य वेगास ४, २५ आवर्तनांस १२ आणि ५० आवर्तनांस २० असें प्रमाण धरतात. आरंभ शून्यापासून न करतां ४ पासून कां, असें कोणी विचारील. मोटर थांबलेली असली तरी तारेंतून ४ मिलिअँपिअर वाहतच राहतात. शून्य आलें तर तार तुटली असें निश्चित समजावें. ‘मोटर थांबली’ आणि ‘खबर थांबली’ या दोन गोष्टी यानें वेगळ्या ओळखतां येतात. विजेपूर्वीं दाबाच्या हवेनें वर्दी देत, तेव्हांही इंचावर ३ ते १५ पौंड अशीच मर्यादा असे, आणि तींतही शून्याचा अर्थ फुटकी नळी असाच होता.

जोडणी करतांना दोन्ही टोंकांना एकच प्रमाण बसविलें आहे ना, हें पाहावें. पेटीनें २० चा अर्थ ५० आवर्तनें धरावा आणि दूरच्या कांट्यानें ६० धरावा, असें झाल्यास कांटा सदैव खोटें बोलतो आणि कोणाला शंकाही येत नाहीं. मोटरकडे जाणाऱ्या जाड तारांतून तीव्र विद्युत्स्पंदनें धांवत असतात. त्यांच्या शेजारून वर्दीची तार नेऊं नये, नेणें भागच पडलें तर काटकोनांत ओलांडावी. ती तार पिळलेली व धातूच्या जाळीनें वेढलेली असावी. रिलेनें मोठ्या काँटॅक्टरचें वेटोळें चालवावयाचें असेल, तर त्या वेटोळ्यावर प्रत्याघात शमविणारें साधन बसवावें. नाहीं तर प्रत्येक सुटण्याच्या वेळीं ठिणगी पडून रिलेचे संपर्क जळत जातात. आणि झांकण उघडण्यापूर्वीं वीज बंद करून, पेटीवर लिहिलेला अवधि संपेपर्यंत थांबावें. आंत सांठविलेली वीज कांहीं मिनिटें तशीच राहते.

ह्या वर्द्या एकमेकींशीं जोडल्या म्हणजे कारखान्याला शिस्त येते. रुई वाहून नेणारी यंत्रणा चालू असल्याची वर्दी आली तरच जिनें सुरू व्हावीं, आणि जिनें चालू असलीं तरच वर कापूस पडावा. रुईची वाट बंद होऊनही कापूस पडत राहिला, तर तो तुंबतो. तुंबलेल्या कापसावर रूळ घासत राहिला म्हणजे उष्णता वाढते, आणि कापसाच्या ढिगांत एक ठिणगी पुरे होते. हंगामाच्या भरांत जिनाला आग लागली, तर मालकाचें नुकसान विम्यांतून भरून निघेल. आवारांत गाडी उभी करून बसलेल्या शेतकऱ्याचा दिवस, आणि हंगामावर पोट असलेल्या मजुराची मजुरी भरून कोण देणार?

तरीही या वर्दीची मर्यादा विसरूं नये. पेटीला मोटर माहीत असते. मोटरच्या पलीकडचा रूळ ती पाहत नाहीं. पट्टा तुटला तर मोटर फिरतच राहील आणि ‘चालू’ अशी वर्दी येत राहील. अशा वेळीं मोटरचा प्रवाह एकाएकीं घटतो. म्हणून प्रवाह ठराविक पातळीखालीं गेल्यास इशारा देण्याची मांडणी करतां येते. त्याचप्रमाणें ‘वेग शून्य’ ही वर्दी म्हणजे हात घालण्याची परवानगी नव्हे. जड रूळ आपल्याच वेगानें थोडा वेळ फिरतो, आणि पेटी कोणाच्या हुकुमानें पुन्हां सुरू होईल हें सांगतां येत नाहीं. हात घालावयाचा तर मुख्य खटका बंद करून त्याला कुलूप लावावें आणि किल्ली आपल्या खिशांत ठेवावी. चरकीवरचा जुना न्याय आजही एवढ्याच मार्गानें परत मिळतो: ज्याचा हात यंत्रांत, त्याच्याच हातीं यंत्राचा थांबा.

दसऱ्यास आपल्याकडे हत्यारांची व यंत्रांची पूजा होते, आणि कापसाचा हंगामही त्याच सुमारास तोंडावर येतो. हळदकुंकू वाहण्याच्या आदल्या दिवशीं प्रत्येक कारखान्यानें एक लहानसा विधि करून पाहावा. वर्दीची एकेक तार मुद्दाम सोडवावी आणि दूरच्या खोलींत इशारा उठतो कीं नाहीं हें ऐकावें. जी तार सोडल्यावरही कोणाला कांहीं कळत नाहीं, ती तार दुरुस्त होईपर्यंत त्या यंत्रावर कापूस पडूं देऊं नये.